भूमिहीनांचा मंत्री आणि भूमिपुत्रांची जमीन

जमिनीच्या फेरवाटपाची चर्चा सहसा एकाच प्रश्नाभोवती फिरते. जमीन कोणाला मिळाली, किती कुटुंबे तिच्यावर वसली, याचा हिशेब मांडला जातो. ती कोणाकडून घेतली आणि कोणत्या भावाने घेतली, हे प्रश्न मात्र तितक्या आग्रहाने विचारले जात नाहीत. न्यूझीलंडचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे भूमिमंत्री सर जॉन मॅकेंझी यांचे चरित्र या तिन्ही प्रश्नांच्या संदर्भात एकत्र वाचावे असे आहे. मेंढपाळ म्हणून त्या देशात आलेला हा माणूस मोठमोठ्या जमीनदारांची सद्दी मोडणारा मंत्री झाला, हजारो शेतकरी कुटुंबांचा आधार ठरला. परंतु त्यांच्याच कारकिर्दीत त्या देशाच्या मूळ रहिवाशांच्या हातून जमीनदारांकडून घेतली गेली त्याहून कितीतरी अधिक जमीन निघून गेली.

मॅकेंझी यांचा जन्म १८३९ साली स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात, रॉस परगण्यात झाला. वडील कूळ म्हणून शेती करीत. घरची भाषा गेलिक. त्या काळी या मुलखातील जमीनमालकांना एक नवे अर्थशास्त्र उमगले होते. दऱ्याखोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुळांकडून मिळणाऱ्या तुटपुंज्या खंडापेक्षा तीच जमीन मेंढ्यांच्या मोठ्या कळपांसाठी एकाच धनिकाला लावून दिली, तर उत्पन्न अधिक येत असे. लोकरीला गिरण्यांची मागणी होती, माणसांना नव्हती. त्यामुळे गावेच्या गावे उठवली गेली. १८४५ च्या मे महिन्यात ग्लेनकॅल्व्ही खोऱ्यातील अठरा कुटुंबे घराबाहेर काढण्यात आली. त्यांनी क्रॉइक येथील चर्चच्या आवारात, थडग्यांच्या शेजारी, खांब रोवून व त्यांवर घोंगड्या टाकून आसरा घेतला. चर्चच्या खिडक्यांच्या तावदानांवर त्यांनी आपली कहाणी ओरखड्यांनी कोरून ठेवली आणि ती अक्षरे आजही तेथे दिसतात. वडिलांबरोबर जाताना लहानग्या जॉनने हे दृश्य पाहिले आणि ते त्याच्या मनावर कायमचे कोरले गेले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्या वेळी त्याचे वय सहा वर्षांचेही नव्हते.

मेंढवाड्यापासून विधिमंडळापर्यंत

१८६० मध्ये अ‍ॅन मन्रो हिच्याशी विवाह करून मॅकेंझी न्यूझीलंडला निघाले. दक्षिण बेटावरील ओटागो प्रांत १८४८ पासून स्कॉटिश वसाहतवाल्यांनी वसवला होता. डनेडिनच्या उत्तरेस पामरस्टन गावाजवळ पुकेटापू नावाचा मेंढ्यांचा विस्तीर्ण वाडा होता. तेथे मॅकेंझी यांनी प्रथम मेंढपाळ म्हणून आणि पुढे व्यवस्थापक म्हणून काम केले. उंचापुरा, भरभक्कम देह, अंगमेहनतीची सवय आणि मेंढ्यांची उपजत पारख यांमुळे त्यांना फार काळ दुसऱ्याच्या चाकरीत राहावे लागले नाही. काही वर्षांतच त्यांनी शॅग व्हॅली या जवळच्या खोऱ्यात स्वतःची जमीन घेतली.

स्कॉटलंडमध्ये मेंढ्यांनी माणसांना हुसकावून लावले होते आणि त्याच मेंढ्यांनी मॅकेंझी यांना नव्या देशात उभे केले. परंतु येथेही त्यांना जुन्या रोगाची लक्षणे दिसू लागली. सरकारी जमिनीवर चराईचे परवाने घेतलेल्या मोठ्या मेंढीमालकांनी एकेक करून उत्तमोत्तम जमिनी कायमच्या विकत घेण्याचा सपाटा लावला होता. त्यांच्या क्लृप्त्या मोठ्या मासलेवाईक असत. कोणी ओढे, झरे व पाणवठे तेवढे विकत घेई, म्हणजे आजूबाजूची कोरडी जमीन दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची राहत नसे. कँटरबरी प्रांतात वीस एकरांहून लहान तुकडा सरळ खरेदीने मिळत नसे, त्यासाठी लिलाव पुकारावा लागे. म्हणून वीस एकरांचा एक तुकडा घ्यायचा, मध्ये त्याहून किंचित लहान पट्टी सोडायची, पुन्हा वीस एकर घ्यायचे, असा बुद्धिबळाच्या पटासारखा डाव मांडला जाई. तिसरा मार्ग म्हणजे नोकरचाकर व आप्तेष्ट यांच्या नावावर जमीन घेणे. ‘बेनामी’ हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या प्रकारांविरुद्ध मॅकेंझी यांचे सार्वजनिक जीवन सुरू झाले. गावच्या रस्ते मंडळाचे व शाळा समितीचे काम पाहता पाहता ते १८७१ मध्ये ओटागोच्या प्रांतिक विधिमंडळात निवडून आले. १८७६ मध्ये प्रांतिक राज्यव्यवस्था संपुष्टात आली आणि १८८१ मध्ये ते मोएराकी मतदारसंघातून वेलिंग्टनच्या संसदेत दाखल झाले. वक्तृत्वाची छाप पाडण्यासारखे त्यांच्यापाशी फारसे काही नव्हते. उच्चार ठसठशीत स्कॉटिश आणि स्वभाव तापट. परंतु जमीनविषयक कायद्यातील पळवाटा त्यांना अनुभवाने पाठ होत्या. शहरी वकिलांच्या सभागृहात हे ज्ञान दुर्मिळ होते.

संधीची वेळ

एखाद्या सुधारकाला यश येते तेव्हा त्याच्या निष्ठेइतकाच काळही अनुकूल असावा लागतो. १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून न्यूझीलंड दीर्घ मंदीच्या विळख्यात सापडले होते. लोकरीचे भाव कोसळले, शहरांत बेकारी वाढली आणि १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हजारो लोक देश सोडून ऑस्ट्रेलियाकडे जाऊ लागले. लोकसंख्या विरळ आणि जमीन अमाप असलेल्या देशात माणसांना जमीन मिळू नये, ही विसंगती सर्वांच्या डोळ्यांत खुपत होती. दुसरीकडे मताधिकाराची कक्षा रुंदावत होती. १८७९ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळाले. अनेक ठिकाणी मालमत्ता असलेल्याला अनेक मते देण्याची मुभा १८८९ मध्ये रद्द झाली. यानंतरच्या १८९० च्या निवडणुकीने मोठ्या जमीनदारांच्या राजकीय वर्चस्वाला धक्का दिला. जानेवारी १८९१ मध्ये जॉन बॅलन्स यांच्या नेतृत्वाखाली लिबरल मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि जमीन खाते मॅकेंझी यांच्याकडे आले.

तिसरी अनुकूलता तंत्रविद्येची होती. फेब्रुवारी १८८२ मध्ये ‘डनेडिन’ नावाचे शिडाचे जहाज सुमारे पाच हजार मेंढ्यांचे गोठवलेले मांस घेऊन ओटागोतून लंडनला निघाले. तीन महिन्यांनी ते पोहोचले तेव्हा मांस उत्तम स्थितीत होते. या एका प्रवासाने शेतीचे गणितच बदलून गेले. केवळ लोकरीवर जगायचे तर हजारो एकरांचे कुरण व प्रचंड कळप हवेत. मांस, लोणी आणि चीज दूरच्या बाजारात विकता येऊ लागले, तर काही शे एकरांवरसुद्धा एका कुटुंबाचा चरितार्थ चालू शकतो. मोठी जमीनदारी मोडण्याची मागणी नैतिक होतीच. शीतगृहाच्या यंत्राने ती आर्थिकदृष्ट्याही शक्य कोटीतली केली.

कायदा, कर्ज आणि चेव्हियट

मॅकेंझी यांच्या १८९२ च्या जमीन कायद्याने सरकारी जमीन घेणाऱ्यासमोर तीन पर्याय ठेवले. रोख पैसे भरून मालकी घ्यावी, खंडाने घेऊन पुढे खरेदीचा हक्क राखावा, किंवा ९९९ वर्षांच्या पट्ट्याने घ्यावी. तिसऱ्या पर्यायात मूळ किमतीवर वार्षिक चार टक्के एवढाच खंड द्यायचा होता. जमिनीचे भाव वाढले म्हणून या खंडाची फेरआकारणी व्हायची नव्हती. कमाल धारणेची मर्यादाही घातली गेली. उत्तम प्रतीची जमीन ६४० एकरांपर्यंत आणि दुय्यम प्रतीची २,००० एकरांपर्यंत. घेणाऱ्याने जमिनीवर राहिले पाहिजे आणि तिची सुधारणा केली पाहिजे, या अटींमुळे बेनामी खरेदीदाराची वाट अरुंद झाली. एका तुकड्यासाठी अनेक अर्ज आले, तर सोडत काढली जाई.

परंतु चांगली जमीन आधीच खाजगी हातांत गेली होती. ती परत मिळवण्याचा मार्ग अनपेक्षितपणे करखात्यातून निघाला. १८९१ च्या कायद्याने जमिनीवर चढत्या दराचा कर बसवला होता. आपल्या जमिनीचे सरकारी मूल्यांकन फार आहे असे मालकाला वाटल्यास त्याने आपला आकडा सांगावा आणि सरकारने एक तर तो मान्य करावा, नाही तर त्याच किमतीला जमीन विकत घ्यावी, अशी त्यात तरतूद होती. दक्षिण बेटावरील चेव्हियट या सुमारे ८४ हजार एकरांच्या जमीनदारीच्या विश्वस्तांनी सरकारी मूल्यांकनाला हरकत घेतली. आपण सांगितलेली किंमत सरकार मुकाट्याने मान्य करील, अशी त्यांची अटकळ असावी. सरकारने १८९३ मध्ये त्यांच्याच आकड्याला, म्हणजे सुमारे २ लाख ६० हजार पौंडांना, सगळी जमीनदारी विकत घेतली. जेथे मेंढ्या राखणारी मूठभर माणसे राहत होती, तेथे रस्ते आखले गेले, शेतांचे तुकडे पाडले गेले आणि शेकडो माणसे वसली. नव्या गावाला आरंभी मॅकेंझी यांचेच नाव दिले गेले होते. ज्या मुलाने मेंढ्यांसाठी माणसे हलवलेली पाहिली होती, त्याने प्रौढपणी माणसांसाठी मेंढ्या हलवल्या.

एप्रिल १८९३ मध्ये बॅलन्स यांचे निधन झाले आणि रिचर्ड सेडन पंतप्रधान झाले. नवे मंत्रिमंडळ अधिक आक्रमक होते. १८९४ च्या कायद्याने मोठ्या जमीनदाऱ्या योग्य मोबदला देऊन सक्तीने खरेदी करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. वरिष्ठ सभागृहातील जमीनदारांनी त्याला कडवा विरोध केला होता. प्रत्यक्षात सक्तीची वेळ फार थोड्या प्रसंगी आली. हाती दंडुका असल्यावर तो उगारावा लागत नाही. शिवाय मंदीने गांजलेल्या अनेक जमीनदारांना रोख मोबदला हवाच होता.

नुसती जमीन देऊन शेतकरी उभा राहत नाही, हे व्यवस्थापकी केलेल्या मॅकेंझी यांना पुरेपूर ठाऊक होते. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी खात्याचे ते पहिले मंत्री. दूधव्यवसायाला शिक्षण देणे, निर्यातीच्या लोण्याची प्रतवारी करणे, रोगराईवर देखरेख ठेवणे ही कामे या खात्याने अंगावर घेतली. १८९४ मध्ये खजिनदार जोसेफ वॉर्ड यांनी शेतकऱ्यांसाठी सरकारी कर्जाची योजना आणली. सरकारने लंडनच्या बाजारात स्वस्त व्याजाने पैसा उभारायचा आणि तो जमिनीच्या तारणावर पाच टक्क्यांनी वसाहतवाल्यांना द्यायचा, असा तिचा गाभा होता. त्यामुळे खाजगी सावकारांनाही आपले दर खाली आणावे लागले. जमीन, कर्ज, तंत्रज्ञान आणि बाजारपेठ या चार गोष्टी एकाच दशकात एकत्र आल्या आणि १८९५ नंतर भाव सावरू लागताच न्यूझीलंडचा छोटा शेतकरी स्थिरावला. जमीनसुधारणेचा प्रयोग फसतो तेव्हा बहुधा या चारांपैकी एखादी गोष्ट गळून पडलेली असते.

हिशेबाची दुसरी बाजू

येथपर्यंतची कथा पाठ्यपुस्तकात शोभणारी आहे आणि दीर्घकाळ ती तशीच सांगितली गेली. परंतु खाजगी जमीनदारांकडून लिबरल राजवटीने घेतलेली जमीन १९१२ पर्यंत दहा लाखांहून थोडी अधिक एकर भरते. याच राजवटीच्या काळात, १८९१ ते १९११ या वीस वर्षांत, माओरी लोकांच्या हातून सुमारे ३१ लाख एकर जमीन गेली. तिचा फार मोठा भाग १८९० च्या दशकातच, सरकारी खरेदीने गेला. हे धोरण एकट्या मॅकेंझी यांचे नव्हते. सेडन त्याचे तितकेच पुरस्कर्ते होते. परंतु वसाहतीसाठी जमिनीची भूक जमीन खात्याची होती आणि ती कोठून भागवायची याचा निर्णय भूमिमंत्र्यांच्या संमतीवाचून होत नव्हता.

ही खरेदी कशी झाली हे समजून घेतले पाहिजे. माओरी समाजात जमीन कुळाची, समूहाची. १८६५ पासून जमीन न्यायालयाने या सामूहिक हक्काचे व्यक्तिगत हिश्श्यांत रूपांतर करण्यास प्रारंभ केला. मोजणीचा खर्च, न्यायालयाच्या पायऱ्या झिजवताना तालुक्याच्या गावी आठवडेच्या आठवडे राहण्याचा खर्च आणि त्यापायी दुकानदाराचे कर्ज यांतच कित्येक हिस्से विकले गेले. १८९१ च्या रीस व कॅरोल चौकशी मंडळाने या पद्धतीवर कठोर टीका केली होती. त्या मंडळातील जेम्स कॅरोल स्वतः माओरी वंशाचे होते. टीकेनंतर व्यवस्था बदलली खरी, पण ती उलट्या दिशेने. १८९४ च्या कायद्याने माओरी मालकांना आपली जमीन सरकारखेरीज अन्य कोणालाही विकण्यास किंवा खंडाने देण्यास मनाई झाली.

बाजारात एकच ग्राहक उरला की भाव तोच ठरवतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. चेव्हियटच्या विश्वस्तांना त्यांनी स्वतः सांगितलेली किंमत मिळाली. माओरी मालकाला सरकार सांगेल ती किंमत घ्यावी लागली आणि ती गोऱ्या जमीनदारांना दिलेल्या भावाच्या कितीतरी पट कमी होती. सरकारचे अधिकारी एकेका हिस्सेदाराला गाठून त्याचा वाटा घेत आणि पुरेसे वाटे जमले की सरकारचा भाग वेगळा काढून देण्याची मागणी न्यायालयाकडे करीत. जे माओरी आपली जमीन स्वतः कसू पाहत होते, त्यांना वॉर्ड यांच्या योजनेतील स्वस्त कर्ज बहुधा मिळत नसे, कारण सामाईक मालकीची जमीन तारण म्हणून चालत नव्हती. एका शेतकऱ्याला पायावर उभे करणारी यंत्रणा शेजारच्या शेतकऱ्याला जमीन विकण्यावाचून गत्यंतर ठेवीत नव्हती.

मॅकेंझी यांच्या मनात दुजाभाव कशाने आला असेल? ते माओरींचा द्वेष करीत असत असे मानण्याचे कारण नाही. पडीक जमीन हा राष्ट्राचा अपराध आहे आणि जो जमीन कसतो त्याचाच तिच्यावर नैतिक हक्क आहे, हा त्यांचा जीवनभराचा सिद्धांत होता. गैरहजर जमीनदाराविरुद्ध तो धारदार शस्त्र ठरला. परंतु ज्या रानात माओरी शिकार करीत, ज्या ओढ्यात मासे धरीत, ज्या टेकडीवर त्यांचे पूर्वज विसावलेले होते, ती भूमी या सिद्धांताच्या चौकटीत ‘पडीक’ ठरली. स्कॉटलंडच्या जमीनमालकांनीही नेमके हेच म्हटले होते. ही माणसे जमिनीचा पुरेसा उपयोग करीत नाहीत, अधिक उत्पन्न काढणाऱ्याला ती दिलेली बरी. मॅकेंझी यांनी आयुष्यभर या युक्तिवादाच्या निष्कर्षाशी झुंज दिली, पण त्याचे गृहीतक मात्र त्यांनी आपल्याबरोबर समुद्रापार आणले.

त्यांची स्वतःची शॅग व्हॅलीसुद्धा याला अपवाद नव्हती. वायहेमो हे त्या खोऱ्यातील नदीचे माओरी नाव. दक्षिण बेटाचा फार मोठा मध्यभाग १८४८ च्या एकाच व्यवहारात न्गाई ताहू जमातीकडून दोन हजार पौंडांना घेतला गेला होता आणि हे खोरे त्यात आले होते. जमातीसाठी राखून ठेवण्याचे आश्वासन दिलेली जमीन पुरेशी कधीच दिली गेली नाही. त्या दाव्याचा निकाल लागायला १९९८ साल उजाडावे लागले.

अखेर आणि वारसा

मंत्रिपदाच्या नऊ वर्षांच्या श्रमाने मॅकेंझी यांची प्रकृती ढासळली. १८९९ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, पण दुखणे बरे होणारे नव्हते. १९०० मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. जून १९०१ मध्ये ब्रिटनचे राजपुत्र, पुढे पाचवे जॉर्ज म्हणून राज्यावर आलेले, त्या देशाच्या दौऱ्यावर असताना त्यांची आगगाडी शॅग व्हॅलीत थांबली आणि आजारी मॅकेंझी यांना तेथेच ‘सर’ हा किताब दिला गेला. ६ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या पुकेटापूच्या परिसरात त्यांनी मेंढ्या राखल्या, तेथील टेकडीवर त्यांच्या स्मरणार्थ दगडी मनोरा उभा आहे.

त्यांच्या कायद्यांचे पुढे काय झाले, हेही बोधप्रद आहे. चार टक्क्यांचा कायम खंड ही शेतकऱ्याला मिळालेली मोठी सवलत होती. भाव वाढत गेले तसतशी जमिनीची वाढीव किंमत सरकारऐवजी पट्टेदाराच्या पदरात पडू लागली. भूमीच्या मूल्यवाढीवर समाजाचा हक्क आहे असे मानणाऱ्या पुरोगामी मंडळींना ते खटकले आणि १९०७ मध्ये ९९९ वर्षांचा पट्टा बंद होऊन ६६ वर्षांचा नवा पट्टा आला. स्वतः पट्टेदारांना मात्र त्याहून पुढे जायचे होते, त्यांना पूर्ण मालकी हवी होती. लिबरलांनी ज्यांना जमिनीवर बसवले, त्याच वर्गाच्या बळावर १९१२ मध्ये विल्यम मॅसी यांचा रिफॉर्म पक्ष सत्तेवर आला आणि त्याने सरकारी पट्टेदारांना मालकीचा मार्ग खुला केला. भूमिहीन माणूस जमीन मिळेपर्यंत सुधारणावादी असतो. जमीन मिळाली की त्याच्या ठायी मालकाची मनोवृत्ती रुजू लागते, हा अनुभव अनेक देशांनी घेतला आहे.

माओरींच्या तक्रारींची दाद लागायला मात्र कितीतरी अधिक काळ जावा लागला. १८४० च्या वायटांगी तहाने त्यांना जमिनीच्या निर्वेध उपभोगाची हमी दिली होती. सरकारलाच प्रथम खरेदीचा हक्क असावा हे कलमही त्याच तहात होते आणि १८९४ मध्ये त्याचाच आधार घेऊन भाव पाडले गेले. १९७५ मध्ये वायटांगी न्यायाधिकरण स्थापन झाले. १९८५ मध्ये त्याला १८४० पर्यंत मागे जाऊन चौकशी करण्याचा अधिकार मिळाला. तेव्हापासून लिबरल राजवटीच्या खरेदीखतांची पाने पुन्हा उलगडली जाऊ लागली.

मॅकेंझी यांनी काही साधले नाही, असे यावरून म्हणता येणार नाही. मूठभर मेंढीमालकांचा देश होण्यापासून त्यांनी न्यूझीलंडला वाचवले आणि कायद्याच्या मार्गाने, रक्त न सांडता, लहान शेतकऱ्याला मानाचे स्थान दिले. परंतु अन्यायाचे दुःख भोगलेला माणूस दुसऱ्याच्या बाबतीत न्यायी होतोच, अशी समजूत त्यांच्या चरित्राने टिकत नाही. त्यासाठी त्या दुःखाची व्याख्या आपल्या जातभाईंपलीकडे नेण्याची तयारी लागते. जमीनसुधारणेचे यश मोजताना जमीन मिळालेल्या कुटुंबांची यादी जितक्या अभिमानाने वाचली जाते, तितक्याच काळजीने ती गमावलेल्यांची यादीही वाचली गेली पाहिजे. क्रॉइकच्या तावदानांवरची अक्षरे पुसली गेली नाहीत, तशीच वायहेमोच्या खोऱ्यातील आठवणही पुसली गेलेली नाही.